आतला कान

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान कापून झालं की बांध्या उघड्या पडतात आणि नाटकं उभी राहतात. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक नसलं तर त्या गावाकडे पाहुणा फिरकत नाही. वडशाच्या नाटककंपन्या आज आरमोरीकडे, उद्या नागभीडच्या पलीकडे, परवा कुरखेड्याच्या रानात अशा फिरत राहतात. रात्रभर रडायचं, रडवायचं, दिवसा कुणाच्या तरी ओसरीवर अंग टाकायचं, आणि ऊन उतरलं की पुन्हा तोंडाला रंग.

बापूजींच्या अशाच एका कंपनीत इंदुबाई आईची कामं करायच्या. तरुणपणी त्या नायिका होत्या, मग वहिनी झाल्या, मग आई. एकदा आई झालं की या धंद्यात पुढं काही होता येत नाही.

होळी तोंडावर आली होती. मोहाची फुलं गळायला लागली होती आणि कंपनीतली माणसंही तशीच जागच्या जागी गळत होती. गाडीत बसली की झोपायची, उतरली की जांभया द्यायची. इंदुबाईंचे पाय सुजायचे. पण पायांचं सांगता येत होतं. कानांचं सांगता येत नव्हतं.

उभा जन्म भोंग्यांच्या शेजारी गेला होता. उजवा कान कधीच बसला होता. डाव्याशी तोंड लावून कुणी बोललं तर थोडं आत शिरायचं, बाकी सगळा समुद्र नुसता घूं घूं करायचा. चारचौघांत त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघून अंदाजानं हसायच्या, अंदाजानं मान हलवायच्या. हे फक्त चंचलला ठाऊक होतं. चंचल कंपनीत नाचायची, गाडीत बाईंच्या डाव्या हाताला बसायची आणि जग त्यांच्या कानात ओतायची.

आता झाडीपट्टीतला नट सगळं नाटक पाठ करून उभा राहतो असं कुणी समजू नये. आज एक नाटक, उद्या दुसरं. पाठ करायला दिवस कुठला? स्टेजच्या पुढ्यात खड्डा असतो. त्यात पेटीवाला, तबलेवाला, आणि त्यांच्याजवळ पाटावर बसलेला प्रॉम्प्टर. पुढं नाटकाचं बाड, वर मिणमिणता बल्ब. तो एकेक वाक्य खालून देतो, नट ते उचलतो आणि लोकांत भिरकावतो. धानाचं रोप खाली रुजावं आणि वर लोंबी डोलावी, तसं. बापूजींच्या कंपनीत ते काम गुणवंतरावांचं. स्टेजला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही, असा नेमका आवाज त्यांनी उभा जन्म राखला होता. प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांचीच वाक्यं ऐकून तीन पिढ्या रडल्या.

गेल्या पावसाळ्यात इंदुबाईंना कळून चुकलं, की आता खड्ड्यातलं काही वर येत नाही. आईचं काम सुटलं तर पुढं काय, हा विचार त्या धानाचा रोवणा रोवताना चिखलात दाबत होत्या. तोंडानं गाणं चालू असायचं,

"रोवना रोवता गं बाई, पाठ वाकली वाकली,
मुकी भुई बोले कशी, तिची वल कोनं आयकली?"

आणि आपलंच गाणं आपल्याला ऐकू येत नाही म्हणून डोळे भरून यायचे.

मग चंचलनं मोबाईलवर एक सर दाखवले. टाय लावलेले, मागे निळा उजेड. माणसाच्या मनात सुप्त शक्ती असतात, म्हणे. दुसऱ्याच्या मनातलं कळणं, लांबचं दिसणं, न बोललेलं ऐकू येणं. आत्मसंमोहनानं त्या जाग्या होतात. सर सांगत आणि चंचल बाईंच्या कानात सांगे, "डोरे मिटा बाई. अंग ढिलं सोडा, पायाच्या अंगठ्यापासून. आता मनाले सांगा, का माझा आतला कान उघडून राह्यला."

"आतला कान म्हनजे कुठचा वो?"

"ते सरांनी नाई सांगतलं. तुमी उघडा त."

हसत हसत सुरू झालं. पण बाईंनी ते व्रतासारखं धरलं. दुपारी सगळी कंपनी घोरत असताना त्या भिंतीला टेकून बसत, अंग सैल सोडत, मनाला एकच सांगत राहत. दिवाळीनंतरच्या पहिल्या खेळाला त्या देवाचं नाव घेऊन उभ्या राहिल्या, आणि काय सांगावं! गुणवंतरावांचा आवाज आला. कानातून नाही, कपाळाच्या आतून. पितळी घंगाळात पाणी ओतावं तसा भरदार, त्यांच्या तरुणपणीचा. वाक्यामागून वाक्य. इतर कुणाचं तोंडासमोर बोललेलं अर्धं समजायचं. गुणवंतरावांचं मात्र अक्षर सुटत नव्हतं. शक्ती नाही तर दुसरं काय?

बाईंनी चंचलला सांगितलं, चंचलनं कानाच्या पाळ्या धरल्या. दोघींनी ते झाकून ठेवलं. असलं बोलून दाखवलं की जातं म्हणतात.

त्या दिवशी कंपनी कुरखेड्याकडच्या एका गावात लटारूभाऊंच्या ओसरीवर उतरली होती. तिथं दोन रात्रींचे खेळ लागलेले. पहिली रात्र झाली होती. सकाळचा चहा आला आणि विक्कीनं कप हातात घ्यायच्या आधीच तोंड उघडलं. विक्की कंपनीचा हिरो. केस रंगवलेले, डोळे झोपेनं लाल.

"बापूजी, मी आज उभा नाई राहत. आताच सांगून ठेवतो."

"काऊन? लग्न हाय का तुझं आज?" बापूजी म्हणाले. ते कंपनीचे मालक, आणि या हंगामात त्यांनाही कुणाशी भांडायचं बळ उरलं नव्हतं.

"थट्टा नोका करू. काल कोर्टाच्या प्रवेशात मी आ वासून उभा. पोट्टे शिट्ट्या मारून राह्यले. 'वकीलसाहेब, घरी जाऊन झोपा' म्हनत होते. खड्ड्यात पाहतो त गुणवंतभाऊ नुसतं तोंड हालवून राह्यले, पान्याबाहेर काढलेल्या मासोळीवानी. आवाज नाई, काई नाई. संक्रांतीपासून हेच चालू हाय. सारे अंदाजपंचे बोलतात अन् तुमाले सांगत नाई. भाऊचा गळा गेला, बापूजी. खर्ऱ्याच्या तंबाखूनं खाल्ला. आता दुसरा मानूस पाहा."

 चंचलनं हे सगळं बाईंच्या डाव्या कानात सांगितलं, आणि इंदुबाईंनी कप खाली ठेवला.

गुणवंतभाऊंचा आवाज गेला? काल रात्री तर त्यांनी तो ऐकला होता. घंगाळातल्या पाण्यासारखा.

गुणवंतराव खांबाला टेकून बसले होते. गळ्याभोवती मफलर, गालांची हाडं वर आलेली. त्यांनी काही म्हणायचा प्रयत्न केला, नुसता वारा आला. मग त्यांनी हात उचलून इंदुबाईंकडे दाखवला.

बापूजींना खूण कळली. "बरोबर हाय. बाईचं एक वाक्य पडलं नाई या साली. आवाज नसता त बाईनं कुठून उचललं असतं? काहो बाई, तुमाले आयकू येते का नाई भाऊचं?"

सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली. चंचलनं कानात सांगितलेला प्रश्न साधा होता. 'नाही' म्हटलं तर गुणवंतराव संध्याकाळच्या गाडीनं घरी. घरी म्हणजे कुठं? नागभीडला बंद पडलेलं दार. बायको कधीच गेली, मुलगा चंद्रपूरला, सुनेच्या दोन खोल्या. आणि त्यांच्या जागी दुसरा आला की इंदुबाईंचाही खेळ संपला; दुसऱ्याच्या मनातलं त्यांना ऐकू येईल कशावरून?

"येते," इंदुबाई म्हणाल्या. "सारं येते."

"मंग आमालेच काऊन नाई येत?" विक्की उसळला. "पाहून घेऊ. दुपारी, रिकाम्या स्टेजवर. मी खड्ड्याजवळ कान लावून उभा राहतो."

बापूजींनी सुस्कारा सोडला. त्यांच्या पिशवीत पुढच्या हंगामाचं नवं नाटक होतं, लेखकानं कालच धाडलेलं, अजून कुणी न उघडलेलं. त्यातलाच प्रवेश घ्यायचं ठरलं.

दुपारी बाई नेहमीसारख्या भिंतीला टेकल्या. गुणवंतराव समोर येऊन बसले. त्यांचे ओठ हलले, आणि बाईंच्या कपाळात आवाज उमटला, "जाऊ द्या बाई. माझ्यासाठी नोका जीव टांगणीले लावू. मी थकलो आता."

"थकले त सारेच हायेत," बाई म्हणाल्या. "तुमी फकस्त आपलं वाचा. माझं मी घेते."

आणि त्यांनी डोळे मिटले. भाऊ आणखी काही सांगत होते, पण मिटल्या डोळ्यांनी आवाज बंद झाला. याचा अर्थ काय, ते तेव्हाही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी अंग सैल सोडलं. अंगठा, घोटा, गुडघा. आतला कान उघडतो आहे. उघडतो आहे. खरं सांगायचं तर मधे दोनदा डुलकी लागली.

उन्हात स्टेज उघडंवाघडं दिसत होतं. रात्रीचा राजवाडा म्हणजे फाटका पडदा आणि चार बांबू. गुणवंतराव खड्ड्यात पाटावर बसले. बापूजी त्यांच्या खांद्यावरून बाडात बघत उभे, विक्की खड्ड्याच्या काठावर उकिडवा, चंचल विंगेत. लटारूभाऊ आणि गावातली चार माणसं फुकटचा खेळ म्हणून आलेली.

"आईचा प्रवेश हाय," बापूजींनी ओरडून सांगितलं. "पोरगा घर सोडून चालला. घ्या बाई."

बाई खड्ड्याकडे तोंड करून उभ्या होत्या; आई, पोरगा, घर एवढं त्यांना अंदाजानं समजलं. विक्की म्हणाला, "तसं नाई. प्रवेशात पोरगा दाराकडं चालला, म्हनजे तुमचं तोंड दाराकडं पाह्यजे. आयकूच येते त खड्ड्याकडं पाठ केली म्हनून काय होते?"

चंचलनं हातानं खूण केली. बाई वळल्या. समोर फाटका पडदा, पाठीशी खड्डा.

आणि काहीच आलं नाही.

त्या वाट बघत राहिल्या. कपाळाच्या आत उन्हाळ्यात पाणी आटलेल्या बोडीसारखा कोरडा तळ, भेगाच भेगा. मनाला सांगितलं, उघड. पुन्हा सांगितलं. कपाळावरून घाम ओघळला. पाय ठणकत होते. पाठीमागे एक म्हातारा माणूस जिवाच्या आकांतानं काहीतरी सांगत असेल, एवढंच माहीत होतं. त्यातला शब्दही पोचत नव्हता. मग शक्ती कुठं गेली? होती तरी का?

असं किती वेळ उभं राहायचं? थकलेला बैल गाडीवान झोपला तरी घराची वाट धरतो, तसं त्यांचं तोंड आपणहून उघडलं.

"थांब बाळा! या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याआधी एकदा मागे वळून बघ. ज्या पदराखाली तू वाढलास, तो पदर आज तुला जड झाला? जा. पण एक लक्षात ठेव. जगात सगळं विकत मिळतं, आई मिळत नाही. जा बाळा, सुखी राहा!" आणि सवयीनं त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावून हुंदका दिला.

वळून बघितलं, तर चंचलनं दोन्ही हात तोंडावर ठेवलेले. विक्कीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. बापूजी बाडाच्या पानावर बोट ठेवून तसेच उभे.

"एकदोन शब्द मागंपुढं," बापूजी म्हणाले. "बाकी जसंच्या तसं. हुंदका बी लिवलेला हाय कंसात."

"आवाज आला नाई!" विक्की ओरडला. "माय कसम, मी भाऊच्या तोंडाशी कान लावून होतो. नुसता वारा. तुमी कसं घेतलं बाई?"

चंचलला राहवलं नाही. तिनं सरांपासून निळ्या उजेडापर्यंत सगळं सांगून टाकलं. लटारूभाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि म्हणाले, "आमच्या गावात पुजाऱ्याच्या अंगात येते, पन तोबी येवढं सुद्द बोलत नाई."

माणसं हसली, पण दबकून. बाईंकडे आता सगळे वेगळ्याच नजरेनं बघत होते. वाकलेल्या पाठीत जरा मानाचं बळ आलं. किती सोपं होतं! गप्प बसलं की झालं. गुणवंतराव राहतील, आपण राहू, आणि वर शक्तीवाल्या बाई म्हणून नाव होईल.

फक्त त्यांना एकट्यांना ठाऊक होतं काय घडलं ते. उभ्या जन्मात जेवढ्या नाटकांत त्या आई झाल्या, तेवढ्यांत मुलगा घर सोडून गेला होता, आणि दर वेळी आईनं त्याला हेच सांगितलं होतं. लेखक बदलले, नावं बदलली, आई तीच. ती बाई त्यांच्या हाडांत मुरली होती. ते मनातलं ऐकणं नव्हतं. ते नुसतं झिजणं होतं.

तेवढ्यात विक्की स्टेजवर चढला आणि त्यांच्या पायांना हात लावून म्हणाला, "बाई, मलेबी शिकवा. आज राती बी कोर्टाचा प्रवेश हाय. लवकर शिकवा, डोरे कसे मिटू?" आणि हा एवढा मोठा हिरो तिथंच फळीवर मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसला. कपाळाला आठ्या घालून तो मुक्या माणसाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होता.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रात्री हा असाच उभा राहील, हजार माणसांपुढं, त्यांच्या एका खोट्यावर विसंबून. लोक हुर्यो करतील आणि त्याला वाटेल की आपणच ध्यानात कमी पडलो.

"ऊठ बापा," त्या म्हणाल्या. "डोरे उघड. काई शक्ती-बिक्ती नाई."

"म्हनजे?"

"म्हनजे मी बहिरी हाय. गेल्या सालापासून. भाऊचं काय, मले भोंग्याचं बी आयकू येत नाई. अन् आता जे बोलली ते मायं तोंड बोललं. बापूजी, तुमच्या साऱ्या आया येकच बोलतात. लेखकाले जरा सांगा, येखादीले दुसरं कायतरी बोलू द्या."

 बापूजी खड्ड्याच्या काठावर बसले.

बाई पायऱ्या उतरून खड्ड्याशी आल्या. "पन भाऊ, दिवाळीपासून जे येत होतं, ते काय होतं मंग? ते त खरंच येत होतं."

गुणवंतरावांनी तोंड वर केलं. ओठ सावकाश हलले, आणि आवाज आला, तोच, भरदार, "मी सांगत होतो रोज. तुमी पाहत होत्या."

"तुमाले ठाऊक होतं?"

"माया आवाज गेला, साऱ्यांचं अडखळलं, तुमचं नाई अडखळलं. तवाच समजलो, का बाई कधीचीच आयकत नाई. मंग बाडात कमी पाहिलं अन् तुमच्याकडं जास्त."

"सांगतलं काऊन नाई?"

"तुमी खुशीत होत्या."

बाकीच्यांना दिसत होतं ते एवढंच, की बाई बोलतात आणि म्हातारा नुसता ओठ हलवतो. चंचलनं विंगेत डोळे पुसले.

 मग बापूजींनी थकल्या माणसाचा निवाडा दिला. "होळीपर्यंत खेळ लागलेले हायेत, आता मी कुठून नवी मानसं आनू? विक्की, तू अन् बाकीचे कानात ते मोबाईलचं बोंडुक घाला. चंचल विंगेतून मोबाईलात वाचंल, तिचा नाच आला का पेटीवाला वाचंल. भाऊ बसतील खड्ड्यात, बाईपुरते. पुढच्या सालचं पुढच्या साली." उठता उठता ते पुटपुटले, "नाई त लेखकाले सांगतो, आई मुकी कर."

चंचलनं विंगेतून येऊन ते बाईंच्या कानात सांगितलं. बाई म्हणाल्या, "मुकी कायले? बहिरी करा. बहिरीले बोलता त येते."

यावर मात्र बापूजी हसले, आणि त्यांच्या हसण्यानं बाकीच्यांची सुटका झाली. पुढच्या साली या दोघांना कुणी बोलावणार नाही, ते सगळ्यांना कळलं होतं. बाईंनाही, भाऊंनाही.

संध्याकाळी रंग लावताना चंचलनं विचारलं, "आज नाई बसत का डोरे मिटून?" बाईंनी मान हलवली. निजून घेतलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच त्यांना वाटत होतं.

पडदा उघडला. आईचा प्रवेश पहिलाच. इंदुबाई पुढं आल्या, आणि इतके दिवस जे आतून येतं म्हणून त्यांनी नीट कधी बघितलंच नव्हतं, तिकडे आज बघितलं. मिणमिणत्या बल्बखाली गुणवंतरावांचा चेहरा वर उचललेला होता. गळ्याच्या शिरा ताठ. भुवया एकेका शब्दाबरोबर चढत-उतरत होत्या. आईनं रडायचं होतं तिथं त्यांचे डोळे भरत होते, रागवायचं होतं तिथं हनुवटी पुढं येत होती. वाक्य संपलं की छाती भात्यासारखी वरखाली व्हायची आणि लगेच पुढचं वाक्य. एका बाईपुरतं सगळं नाटक तो माणूस चेहऱ्यावर करून दाखवत होता. किती दिवस? दर रात्री.

बाईंचा हुंदका बाडात नव्हता तिथं आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात; त्यांना फळ्या हादरल्यासारख्या वाटल्या.

खाली गुणवंतरावांनी दमानं पान उलटलं आणि पुढचं वाक्य दिलं. बाईंनी ते घेतलं.